पडद्यावरची माणसे : इमामसाहेब, अजमानीसाहेब आणि हंगलसाहेब

हिंदी चित्रपटातला मुस्लिम बुजुर्ग म्हटले की आपल्या बहुतेक घरांत एकच चेहरा आठवतो. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात काठी, दृष्टी गेलेले डोळे. 'शोले'मधले इमामसाहेब, म्हणजेच रहीम चाचा. घोड्यावरून मय्यत येते, सारे गाव गप्प होते आणि ते विचारतात, एवढा सन्नाटा का आहे? या एका वाक्याच्या लोकांनी इतक्या नकला केल्या की आता तरुण मुले ते विनोद म्हणूनच ओळखतात. कॉलेजच्या वर्गात कोणी बोलेनासे झाले की मागच्या बाकावरून ते वाक्य येते. त्या वाक्यानंतर पडद्यावर काय घडते, ते मात्र अनेकांनी पाहिलेलेच नसते.

या महिन्यात आम्ही त्या चेहऱ्यामागच्या माणसाबद्दल लिहिणार आहोत. त्यांचे नाव अवतार किशन हंगल. जन्म सियालकोटचा, काश्मिरी पंडित घराण्यातला. बालपण पेशावरला गेले. नंतर मुक्काम कराचीला. हाताला कसब शिंप्याचे, मनाला ओढ नाटकाची आणि राजकारणाची. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला, कम्युनिस्ट चळवळीत शिरले, त्यापायी कराचीच्या तुरुंगात राहिले. सुटल्यावर 1949 साली मुंबईत आले. इथे इप्टा या नाट्यसंस्थेत बलराज साहनी आणि कैफी आझमी यांच्याबरोबर नाटके केली. पुढे ते या संस्थेचे अध्यक्षही झाले. (हीच ती इप्टा, जिच्या मराठी फळीत अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख गात होते. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, हे आपल्या नव्या पिढीला सांगावे लागते, म्हणून कंसात का होईना सांगून ठेवतो.)

चित्रपटात हंगल आले ते 1966च्या 'तीसरी कसम'पासून, पन्नाशीच्या आसपास. त्यामुळे पडद्यावर त्यांना कोणी तरुण पाहिलेच नाही. आले ते थेट कोणाचे तरी वडील, मामा किंवा हेडमास्तर होऊन. 'गुड्डी'त जया भादुरींचे वडील, 'अभिमान'मध्येही त्यांचेच वडील. 'परिचय'मध्ये जितेंद्र यांचे मामा. 'बावर्ची'त एका भांडखोर एकत्र कुटुंबातले थोरले भाऊ, दुर्गा खोटे यांचे पती. 'चितचोर'मध्ये छोट्या गावातले हेडमास्तर, जे मुलीसाठी चांगले स्थळ म्हणून घरी आलेल्या भलत्याच तरुणाची सरबराई करत राहतात. 'चितचोर'मधल्या त्या मुलीची भूमिका केली होती जरीना वहाब यांनी. तिथे मुस्लिम घरातली मुलगी हिंदू लेक झाली आणि हंगल तिचे बाप. 'शोले'त आपले सचिन पिळगावकर अहमद झाले आणि हंगल पुन्हा बाप. त्या काळच्या स्टुडिओत ही देवाणघेवाण इतकी सहज होती की कोणी तिचा उल्लेखही करत नसे. ('शौकीन'मधली त्यांची भूमिकाही गाजली, पण तो चित्रपट घरातल्या सर्वांनी मिळून पाहण्याचा नाही, एवढेच सांगून पुढे जातो.)

आता 'शोले'कडे वळू. चित्रपट 15 ऑगस्ट 1975चा, लेखन सलीम-जावेद यांचे. चित्रपट डाकूंचा आणि सूडाचा, पण त्यात इमामसाहेबांच्या वाट्याला जी छोटी गोष्ट आली आहे ती शुद्ध घरगुती आहे. एक आंधळा बाप आणि त्याचा एकुलता एक मुलगा. जबलपूरहून मामूंचे पत्र येते, विडीच्या कारखान्यात नोकरी मिळेल म्हणून. विडीच्या कारखान्यातली नोकरी म्हणजे काय असते, हे सिन्नर-सोलापूरकडच्या आमच्या वाचकांना सांगायला नको. मोठे सुख नाही, पण दर महिन्याला हातात चार पैसे येतात. मुलगा जायला तयार नाही, कारण अब्बांना कोण पाहणार? आणि जा म्हणून आग्रह कोणाचा, तर अब्बांचाच. ज्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे, त्यालाच ते परगावी पाठवू पाहतात.

किती घरांत हे घडले आहे! आखाती देशांत गेलेले मुलगे, मुंबई-पुण्याला गेलेले मुलगे, आणि गावी ओट्यावर बसलेले अब्बा, जे फोनवर फक्त 'माझी काळजी करू नको' एवढेच म्हणतात. हंगल हा प्रसंग करताना कुठेही डोळे पुसत नाहीत, उसासे टाकत नाहीत. थोडी घाई करतात. पत्र आले आहे, जागा मिळते आहे, मग उशीर कशाला. स्वतःचे मन फिरण्याआधी मुलगा निघून जावा, असे वाटणाऱ्या बापाची ती घाई असते. आम्हाला या भूमिकेत सर्वांत खरी वाटणारी जागा हीच.

अहमद निघतो आणि वाटेत गब्बरच्या तावडीत सापडतो. त्याला मारताना चित्रपट दाखवत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, आणि पुढच्या दृश्यात घोडा मय्यत घेऊन गावात येतो. त्यामुळे त्या मरणाचा सगळा भार एका माणसाच्या चेहऱ्यावर येऊन पडतो, आणि त्या चेहऱ्यातले डोळे तर बंदच आहेत. डोळ्यांनी काम करणे सोपे असते. हंगल यांना ती सोय नव्हती. ते हातांनी काम करतात. आधी काठी, मग हवेत चाचपडणारा हात, मग मुलाचे अंग. आयुष्याची काही वर्षे ज्याने कापड चाचपून पाहिले, त्याच्या बोटांना हे वेगळे शिकवावे लागले नसेल, असे आम्हाला उगाच वाटते.

गावकरी मग म्हणतात, त्या दोघांना डाकूंच्या हवाली करून टाकू, आम्हाला आणखी मरणे नकोत. त्या वेळी इमामसाहेब बोलतात. बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा, याहून जड ओझे जगात नाही. ते मी म्हातारा उचलतो आणि तुम्हाला एवढी मुसीबत उचलवत नाही, असा त्यांचा सवाल असतो. तेवढ्यात अजान होते. ते बोलणे आवरतात आणि नमाजला निघतात. जाताना म्हणतात, आज खुदाला विचारीन की या गावासाठी शहीद व्हायला मला आणखी मुलगे का दिले नाहीस.

या वाक्यावर आमच्याकडच्या काही बुजुर्गांनी नेहमीच आक्षेप घेतला आहे. अल्लाहला असा जाब विचारावा का, असे ते म्हणतात. आक्षेप समजण्यासारखा आहे. पण आम्हाला हा जाब वाटत नाही. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत असतो. मुलगा गमावला, रडून रडून डोळे पांढरे झाले, आणि तरी गाऱ्हाणे मांडले ते लोकांपुढे नाही, फक्त अल्लाहपुढे. सब्र म्हणजे दुःख न होणे नव्हे, दुःख कोणापुढे न्यायचे ते ठाऊक असणे. 'शोले'तले इमामसाहेब लोकांपुढे रडत नाहीत. लोकांना ते फक्त धीर धरा म्हणून सुनावतात. मन मोकळे करायला मशिदीत जातात. लेखकांच्या मनात याकूब अलैहिस्सलाम होते की नव्हते, याचा शोध घेण्याची गरज नाही. अजान ऐकताच वाक्य आवरते घेणारा तो बाप मुस्लिम घरातल्या प्रेक्षकाला ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख हंगल यांनी कमावलेली आहे.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती आम्ही लपवणार नाही. सारा रामगढ पाहिला तरी इमामसाहेबांचे घर सोडून दुसरे मुस्लिम घर दिसत नाही. अजान कोणीतरी देतो, पण तो कोण हे कळत नाही. जमात कोणाची, हे कळत नाही. एका आंधळ्या बापाला आणि एका पोराला धरून एक आख्खी मशीद उभी आहे! शिवाय घरात बाई नाही, अहमदची अम्मी नाही, बहीण नाही. चांगला मुस्लिम दाखवायचा तर तो म्हातारा, एकटा, गरीब आणि सर्वस्व देऊन टाकणारा असावा, ही हिंदी चित्रपटाची जुनी सवय. 1959च्या 'धूल का फूल'मध्ये मनमोहन कृष्ण यांनी टाकलेल्या मुलाला वाढवणारा अब्दुल रशीद केला, तोही एकटाच. त्यागाशिवाय मुस्लिमाला चांगुलपणाचा दाखला मिळत नाही. ज्याने काहीच गमावले नाही, जो सकाळी दुकान उघडतो, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो आणि जावयावर चिडतो, असा मुस्लिम बाप पडद्यावर क्वचितच आला.

हा दोष लेखनाचा. हंगल यांनी त्याच्यावर आपल्या परीने उपाय केला. त्यांनी 'मुस्लिम' वठवला नाही, बाप वठवला. उगाच हात उंचावून शेर म्हणावा तसे बोलणे नाही, दर वाक्याला या अल्लाह नाही, सुरमा-अत्तराचा सोस नाही. 'गुड्डी'चे वडील ज्या आवाजात बोलतात त्याच आवाजात अहमदचे अब्बा बोलतात. पेशावरच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला मुस्लिम शेजारी कसा बोलतो हे कोणाकडून शिकायचे नव्हते, म्हणून त्याची नक्कलही करावी लागली नाही. आजच्या मालिकांत मुस्लिम घर दाखवायचे म्हटले की हिरव्या भिंती, जाळीच्या कमानी आणि दिवसातून दहा वेळा आदाब! आपल्यापैकी कोणाच्या घरात स्वयंपाकघरातून बाहेर येताना आदाब करतात, ते कळवावे.

1983च्या 'अवतार'मध्ये हंगल पुन्हा मुस्लिम झाले, नायकाचे मित्र रशीद अहमद. (गंमत अशी की नायकाचे नाव अवतार किशन, म्हणजे खुद्द हंगल यांचेच.) मोहनकुमार यांचा हा चित्रपट. मुलांनी घराबाहेर काढलेले आई-वडील, त्यांना आधार देणारा नोकर सेवक, आणि वैष्णोदेवीची यात्रा. सेवक झाले होते तेच सचिन, आठ वर्षांपूर्वीचे अहमद. एका हिंदू भक्तीच्या चित्रपटात नायकाचा जिवाभावाचा मित्र रशीद आहे, आणि त्या मैत्रीचे कोणी कौतुकही करत नाही, स्पष्टीकरणही देत नाही. म्हातारपणी दोन मित्र जसे एकमेकांचे ऐकतात तसे ते ऐकतात. आमच्या घराघरांत आयांनी हा चित्रपट पाहताना पदर डोळ्यांना लावला आणि मुलांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

पण हंगल यांची आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी भूमिका मुस्लिमाची नाही. ती 'गर्म हवा'मधल्या अजमानीसाहेबांची आहे.

इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा, एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट. पटकथा कैफी आझमी आणि शमा जैदी यांची. फाळणीनंतरचा आग्रा, जोड्यांचा कारखाना चालवणारे सलीम मिर्झा, आणि एक एक करून पाकिस्तानला निघून जाणारे नातलग. मिर्झांचे काम बलराज साहनी यांनी केले. चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच, एप्रिल 1973मध्ये ते गेले. हवेली थोरल्या भावाच्या नावावर, आणि भाऊ सीमेपार गेलेला, म्हणून कायद्याने ती हवेली हातची जाते. मिर्झा कुटुंब भाड्याचे घर शोधत फिरते. मुस्लिम म्हणून घर नाकारले जाण्याचा तो अनुभव आमच्या वाचकांपैकी मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना 1947चा इतिहास वाटणार नाही.

हवेली जाते अजमानीसाहेबांकडे. ते व्यापारी आहेत, फाळणीत तिकडून उठून इकडे आलेले. कथेच्या रचनेत हा माणूस खलनायक व्हायला हवा. मुस्लिमाचे घर घेणारा हिंदू निर्वासित! हंगल यांनी त्याला लाजरा केला. मिर्झांपुढे तो बसतो तेही जरा अंग चोरून. घर त्याचे आहे, कागद त्याचे आहेत, पण पाहुण्यासारखा वागतो तोच. व्यवहारात मिर्झांना मदत करू पाहतो. खुद्द हंगल कराची सोडून मुंबईत आलेले. ज्याचे घर तिकडे राहिले, तो इकडे दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना कसा चालेल, हे त्यांनी आपल्या पायांनी दाखवले आहे.

याच चित्रपटात मिर्झांच्या वृद्ध अम्मी आहेत. हवेली सोडायच्या दिवशी त्या लपून बसतात, उचलून न्यावे लागते. पुढे भाड्याच्या घरात त्यांचा जीव जाता जात नाही. ज्या घरात नवरी म्हणून आल्या तिथेच शेवटचा श्वास घ्यायचा असतो. त्यांना पालखीतून हवेलीत आणतात, आणि तिथे त्या डोळे मिटतात. हवेली तेव्हा अजमानींची झालेली असते. ते दार बंद होत नाही. यावर अजमानीसाहेबांच्या तोंडी मोठे भाषण घालता आले असते. सथ्यू यांनी घातले नाही, आणि हंगल यांना त्याची गरजही नव्हती.

पुढे हंगल यांच्यावर जे आले त्यात याच प्रसंगाची उलटी बाजू आहे. 1993 साली त्यांनी आपले जन्मगाव पाहण्यासाठी पाकिस्तानचा व्हिसा मागितला. त्याच सुमारास मुंबईतल्या पाकिस्तानी दूतावासाने त्यांना पाकिस्तान दिनाच्या समारंभाचे निमंत्रण दिले आणि ते गेले. शिवसेनेने त्यांना देशद्रोही ठरवून बहिष्काराची हाक दिली. त्यांचे पुतळे जाळले गेले, तयार चित्रपटांतली त्यांची दृश्ये कापली गेली, निर्मात्यांनी काम देणे थांबवले. 1993 साली मुंबईत काय वातावरण होते, ते या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ज्या माणसाने इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात भाग घेतला होता, आणि स्वतंत्र पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून जो भारतात आला होता, त्याला सत्तरी उलटल्यावर देशप्रेमाचा पुरावा मागण्यात आला. आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. पंडित घराण्यातल्या माणसालाही तो विचारला गेला, याची मात्र आपण फारशी आठवण ठेवलेली नाही. त्या वेळी मुस्लिम मंडळींनी त्यांच्यासाठी किती आवाज उठवला? ज्याला आपण इतकी वर्षे रहीम चाचा म्हणत आलो, तो अडचणीत आला तेव्हा आम्हाला स्वतःचीच भीती होती. हे कारण खरे आहे. तरी ते लिहिताना हात जड होतो.

बहिष्कार पुढे विरला, कामे पुन्हा मिळू लागली. 'लगान'मध्ये ते गावातले शंभू काका झाले. भूजजवळ चित्रीकरण चालू असताना पाठीला दुखापत झाली, तरी येऊन त्यांनी आपले दृश्य पुरे केले. 2006 साली पद्मभूषण मिळाले. शेवटच्या काळात आजारपण आणि औषधांचा खर्च झेपेनासा झाला, ही बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा चित्रपटसृष्टीतल्या काहींनी हात पुढे केला. आयुष्यभर दुय्यम भूमिका करणाऱ्याला मिळणारे पैसेही दुय्यमच असतात. 2012 मध्ये 'मधुबाला' या मालिकेत चाकांच्या खुर्चीत बसून ते अखेरचे कॅमेऱ्यापुढे आले आणि त्याच वर्षी 26 ऑगस्टला सांताक्रूझच्या इस्पितळात वारले.

'शोले' तर टीव्हीवर लागतच असतो. पुढच्या वेळी लागला की जबलपूरच्या पत्राचा प्रसंग चुकवू नका. तो लहान आहे आणि चहा करायला उठलात तर निघून जातो. 'गर्म हवा' मात्र शोधून पाहावा लागेल. जुनी प्रत सुधारून तो 2014 मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आला होता, त्यामुळे आता चित्र आणि आवाज दोन्ही स्वच्छ आहेत. चित्रपट संथ आहे, मुले कंटाळतील. त्यांना निदान दादींची पालखी हवेलीच्या दारात येते तिथपर्यंत बसवा.